प्रोटॉनसाठी परदेशी: कुणी जावं, कुणी पाठवावं

‘पैशाकडे बघू नका, बाहेर घेऊन जा, तिकडं प्रोटॉन मिळतं,’ हा सल्ला कर्करोगाच्या घरात हल्ली हमखास येतो. देणारा आप्त असतो, त्याच्या मनात खोट नसते. तरीही सल्ला चुकीचा आहे. आणि ‘हे सगळं श्रीमंतांचं खूळ, आपलं नेहमीचं रेडिएशन काय वाईट आहे,’ असं म्हणणारा दुसरा आप्तही तितकाच चुकतो. रुग्णाची गाठ कुठली, कुठे, किती पसरलेली, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. परदेशी जायचं की नाही हे मात्र त्यावरच ठरायला हवं.

आधी या किरणांचं काम समजून घेऊ. क्ष-किरण शरीरात शिरतात, वाटेत ऊर्जा सोडत गाठीपर्यंत पोचतात आणि पलीकडून बाहेर पडतात. गाठीमागे हृदय असो, आतडं असो की मेंदूचा देठ, त्याच्या वाट्याला नको असलेला डोस येतोच. प्रोटॉन वजनदार कण आहे. तो आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अगदी शेवटी टाकतो आणि तिथंच थांबतो. पलीकडे जवळजवळ काही जात नाही. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने या गुणाचा वैद्यकीय उपयोग १९४६ मध्ये सुचवला, १९५४ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत पहिल्या रुग्णावर प्रोटॉन वापरले गेले आणि १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथं शरीरात खोलवरच्या गाठींसाठीचं पहिलं रुग्णालयीन केंद्र उभं राहिलं. कार्बन आयन त्याहून जड. तेवढ्याच डोसमध्ये ते पेशीचं दोन ते तीन पट नुकसान करतात, म्हणून साध्या किरणांना दाद न देणाऱ्या गाठींवर ते चालतात. जपानमध्ये चिबा इथं १९९४ पासून ते रुग्णांना दिले जात आहेत.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मग सगळ्यांनाच प्रोटॉन द्यावेत. इथंच पूर्वपक्ष घसरतो. डोस कमी जागी पडला म्हणजे रुग्ण जास्त जगतो किंवा त्याला त्रास कमी होतो, हे आपोआप सिद्ध होत नाही. ते रुग्णांवर तपासावं लागतं आणि तपासलंही गेलंय. प्रोस्टेटच्या कर्करोगात प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण उपचार यांची समोरासमोर तुलना करणारी अमेरिकेतली ४५० पुरुषांची चाचणी २०२४ मध्ये जाहीर झाली. रोग आटोक्यात राहण्याचं प्रमाण आणि आतड्याचा त्रास, दोन्हींत फरक आढळला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या २०१८ च्या चाचणीतही प्रोटॉनची सरशी झाली नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगात २०२० मध्ये गुंतागुंतीचं ओझं कमी झाल्याचं दिसलं, पण रोग आटोक्यात राहण्याचा काळ सारखाच होता. तेव्हा प्रोस्टेटसाठी जमीन विकून परदेशी निघालेल्या माणसाला थांबवणं हे त्याच्यावर उपकारच आहेत.

‘साइड इफेक्ट शून्य’ हा दावा तर सरळ खोटा आहे. कण गाठीपाशी थांबत असला तरी तिथवर जाताना त्वचेतून आणि निरोगी पेशींतूनच जातो. तो नेमका कुठे थांबेल याच्या गणितात काही मिलिमीटरांची अनिश्चितता असते. वजन घटलं, नाकात पाणी साचलं, गाठ आकसली, तर गणित बदलतं आणि आराखडा नव्याने करावा लागतो. म्हणून हे ‘तिकडं जाऊन लाईट घेऊन येऊ’ इतकं सोपं काम नाही. प्रोटॉनचा कोर्स बहुधा सहा-सात आठवडे चालतो, आठवड्यातून पाच दिवस. परक्या देशात, परक्या भाषेत, घरातलं एखादं माणूस बिनपगारी रजेवर सोबत ठेवून ते दिवस काढायचे असतात.

पण मला सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. ज्यांचा रोग यकृतात, हाडांत, फुप्फुसांत पसरलाय अशा रुग्णांना कुटुंबं ‘शेवटचा उपाय’ म्हणून परदेशी नेतात. कण-किरण हा स्थानिक उपचार आहे. जिथं रोखला तिथंच तो काम करतो. अंगभर पसरलेल्या रोगावर त्याची अचूकता फारशी कामाची नाही. हे न सांगता जो मध्यस्थ उपचार, हॉटेल आणि विमानतळावरची गाडी यांचं एकत्र पॅकेज हाती ठेवतो, तो त्या कुटुंबाचे उरलेले पैसे आणि रुग्णाचे उरलेले दिवस, दोन्ही घेतो. ते दिवस घरी, वेदनाशामक औषधं नीट घेत, आपल्या माणसांत घालवण्याचा हक्क त्या रुग्णाला होता.

वेळेचा हिशेबही कुणी मांडत नाही. डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगात किरणोपचार लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. मुलांच्या मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमात शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा-सात आठवड्यांच्या आत किरण सुरू व्हावेत, असा दंडक आहे. व्हिसा, पैशांची जमवाजमव, तिकडच्या डॉक्टरांनी फाईल वाचणं, नव्याने स्कॅन, मास्क, आराखडा, या सगळ्यात ते आठवडे सरतात. मुंबईत वेळेवर दिलेले साधे क्ष-किरण उशिरा मिळालेल्या प्रोटॉनहून कितीतरी चांगले, असं मी म्हणतो आणि त्यावर ठाम आहे.

म्हणून काय, कुणीच जाऊ नये? हा निष्कर्ष मला मान्य नाही.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथं डोळ्यांच्या गाठींसाठी कमी ऊर्जेचं प्रोटॉन यंत्र १९८९ पासून होतं, पण खोल गाठींसाठी काहीच नव्हतं. २००८ पासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने आपल्या रुग्णांना स्वतःच्या खर्चाने अमेरिकेला आणि स्वित्झर्लंडला पाठवायला सुरुवात केली. पाठवलेल्यांत मुलं मोठ्या संख्येने होती. शिवाय कवटीच्या तळाशी किंवा मणक्यालगत कॉर्डोमा, कॉन्ड्रोसार्कोमा अशा दुर्मीळ गाठी असलेले प्रौढ. तज्ज्ञांचं एक मंडळ प्रत्येक फाईल तपासायचं. कोणत्या आजारांना पाठवायचं याची यादी होती. मंडळाने होकार दिला की उपचार, प्रवास, मुक्काम यांचा भार सरकारचा. पुढे मँचेस्टरला २०१८ च्या अखेरीस आणि लंडनला २०२१ मध्ये देशातलीच केंद्रं सुरू झाली. एका संपन्न देशाने आपल्या लेकरांना वर्षानुवर्षं समुद्रापार पाठवलं आणि त्यात कमीपणा मानला नाही. ‘परदेशी जाणं म्हणजे खूळ’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

त्या व्यवस्थेलाही तडा गेला. २०१४ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलाला त्याचे आईवडील डॉक्टरांना न सांगता इंग्लंडमधल्या रुग्णालयातून घेऊन निघाले. त्यांना स्पेनमध्ये अटक झाली, मग सुटका झाली आणि अखेर प्रागमध्ये त्या मुलाला प्रोटॉन मिळाले. त्या प्रकरणातून लोकांनी ‘डॉक्टर अडवतात, प्रोटॉन वाचवतं’ एवढाच अर्थ घेतला. तो अपुरा आहे. त्या मुलाला झालेल्या मेड्युलोब्लास्टोमाच्याच ५९ रुग्णांवरचा बोस्टनचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जगण्याचं प्रमाण क्ष-किरणांसारखंच होतं. फरक होता तो पुढच्या आयुष्यात. हृदय, फुप्फुस, आतडं यांवरचे उशिरा उमटणारे दुष्परिणाम त्या मुलांत दिसले नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला पुढची साठ-सत्तर वर्षं जगायची असतात. पाठीच्या कण्याला दिलेले क्ष-किरण त्याच्या छातीतून आणि पोटातून आरपार जातात, प्रोटॉन मणक्यापाशी थांबतात. हे त्या आईवडिलांना शांतपणे, पुन्हा पुन्हा, त्यांच्या शब्दांत समजावलं गेलं असतं, तर कदाचित कुणाला पळून जावं लागलं नसतं, असं मला वाटतं.

‘समोरासमोरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं दाखवा, मगच जा,’ हा आक्षेप प्रोस्टेटला चोख लागू पडतो, या मुलांना नाही. तीस वर्षांनी होणारा हृदयविकार मोजायला तीस वर्षं थांबावं लागेल. कॉर्डोमा इतका दुर्मीळ की शेकडो रुग्णांची चाचणी जमवणंच कठीण. तिथं गाठ मेंदूच्या देठाला खेटलेली असते, पुरेसा डोस द्यायचा तर शेजारचं वाचवायलाच हवं. अशा ठिकाणी भौतिकशास्त्राचा पुरावा आणि रुग्णांच्या जपून ठेवलेल्या नोंदी यांवर निर्णय घेणं हाच शहाणपणा.

नेदरलँड्सने यातून एक सुंदर वाट काढली. प्रौढ रुग्णासाठी क्ष-किरणांचा आणि प्रोटॉनचा असे दोन आराखडे संगणकावर करायचे. मध्यम स्वरूपाच्या दुष्परिणामाची शक्यता प्रोटॉनने किमान दहा टक्क्यांनी घटत असेल तरच प्रोटॉन द्यायचे. दुष्परिणाम जितका गंभीर, तितकी ही अट सैल. परदेशी जाऊ पाहणाऱ्या कुठल्याही मराठी रुग्णाने तिकीट काढण्याआधी हाच प्रश्न विचारावा: माझे दोन आराखडे शेजारी ठेवून दाखवाल का? जे केंद्र दाखवणार नाही तिथं जाऊ नये.

आता आपल्या दाराशी काय आहे तेही पाहू. चेन्नईत खासगी रुग्णालयाचं प्रोटॉन केंद्र २०१९ पासून आहे आणि नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत २०२३ पासून प्रोटॉन दिले जातात. तेव्हा प्रोटॉनसाठी परदेशी जायचं कारण फार थोड्यांना उरलंय. कार्बनची गोष्ट वेगळी. हायडेलबर्गच्या केंद्रात कार्बनचा झोत रुग्णाभोवती फिरवणाऱ्या सांगाड्याचंच वजन सुमारे ६०० टन आहे. असं केंद्र उभारणं मोजक्या देशांनाच जमलंय: जपान, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, चीन आणि अलीकडे दक्षिण कोरिया, तैवान. भारतात ते नाही. शस्त्रक्रिया न करता येणाऱ्या हाडांच्या आणि स्नायूंच्या सार्कोमासाठी जपानने २०१६ पासून कार्बन उपचार सार्वजनिक विम्यात घेतला. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतला कॉर्डोमा काढताना लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाणार असेल, तर त्या रुग्णाने चिबाला किंवा इटलीतल्या पाव्हियाला जाण्याचा विचार करणं मला पूर्णपणे योग्य वाटतं.

पण असा रुग्ण गडचिरोलीत किंवा बीडमध्ये असेल तर? त्याच्यासाठी खारघरसुद्धा लांबचंच गाव आहे, आणि चिबाचं नाव त्याच्या कानावर पडण्याची शक्यता नाही. पुण्यातल्या धनवंताला प्रोस्टेटसाठी प्रोटॉन मिळतात आणि ज्याला कार्बनची खरी गरज आहे तो तसाच घरी परततो, हा अन्याय आहे. महाराष्ट्र शासनाने टाटातल्या तज्ज्ञांचं एक छोटं मंडळ नेमावं. राज्यातल्या कुठल्याही रुग्णालयाने फाईल पाठवली की दोन आठवड्यांच्या आत लेखी उत्तर यावं: क्ष-किरण पुरेसे, की खारघर, की परदेश, आणि का. ‘परदेश’ असं उत्तर वर्षाकाठी मोजक्याच फाइलींवर येईल. त्या रुग्णांचा आणि सोबतच्या एका माणसाचा सगळा खर्च सरकारने उचलावा, आणि परतल्यावरची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी कोण करणार हे निघण्याआधीच कागदावर असावं.