अवकाश खुले झाले, कायदा कुठे आहे?

15 ऑगस्ट 1969 रोजी इस्रोची स्थापना झाली. त्यानंतर दीर्घकाळ रॉकेट सरकारचे, उपग्रहही सरकारचा. त्यामुळे उत्तरदायी कोण, हा प्रश्नच उद्भवत नसे. 2020 मध्ये ‘इन-स्पेस’ची घोषणा झाली, 18 नोव्हेंबर 2022 रोजी ‘विक्रम-एस’ या भारताच्या पहिल्या खासगी रॉकेटने उड्डाण केले आणि 2023 मध्ये अवकाश धोरण आले. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु धोरणाला कायद्याचे बळ नसते, हे सचिवालयात हयात घालवलेल्यांना सांगावे लागत नाही.

1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातील कृतीची आंतरराष्ट्रीय जबाबदारी राष्ट्रावरच येते. रॉकेटचा तुकडा परदेशात कोसळला, तर भरपाईचा दावा दिल्लीच्या दारी येईल. ती रक्कम कंपनीकडून किती आणि कोणत्या आधारे वसूल करायची? विम्याची सक्ती कोणी करायची? अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कायदा अद्याप झालेला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक क्रम अस्वस्थ करतो. ईस्ट इंडिया कंपनीला 1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळाली, 1770 मध्ये भीषण दुष्काळ पडला आणि ब्रिटिश संसदेचा नियामक कायदा 1773 मध्ये आला. आजच्या तरुण उद्योजकांची त्या कंपनीशी तुलना करणे अन्यायाचे ठरेल. मात्र अधिकार आधी, अनर्थ नंतर आणि कायदा सर्वांत शेवटी, हा क्रम आपल्या संसदेला वेळीच बदलता येईल.