दिसतंय म्हणून डोळे ठीक नसतात

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, हा मधुमेहींमधला समज घातक आहे. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात. पुढे तिथे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. तोवर अनेकांना काहीच जाणवत नाही. ना दुखणे, ना धूसरपणा.

इंग्लंडने 2003 पासून मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढण्याची देशव्यापी व्यवस्था उभारली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, इंग्लंड-वेल्समध्ये कमावत्या वयातल्या अंधत्वाचे पहिले कारण मधुमेहजन्य नेत्रविकार उरला नव्हता. किमान 50 वर्षांत हे प्रथमच घडले.

भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. लेसर, डोळ्यातली इंजेक्शने, शस्त्रक्रिया असे उपचार इथेही होतात. पण गेलेली नजर परत येईलच, याची खात्री त्यांत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाच्या गोळ्या मिळतात, तिथेच पडद्याचा फोटोही निघायला हवा. सरकारने हे मनावर घ्यावे.

टाइप 2 मधुमेह असलेल्यांनी मात्र त्याची वाट पाहू नये. निदान होताच, आणि नंतर दरवर्षी, नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यावा.