शंभर टक्के, पण कितींपैकी?

दहावीचा निकाल लागला की सातपूर कॉलनीपासून अशोकनगरपर्यंत फ्लेक्स झळकतात. शंभर टक्के निकाल, पहिल्या तीन मुलींचे फोटो, त्याखाली संस्थाचालक, नगरसेवक आणि नगरसेवक होऊ पाहणारे. शाळा मुलींची असेल तर मजकूर जरा जास्तच भावुक होतो. सावित्रीबाईंचा फोटो येतो, अलीकडे शेजारी फातिमा शेखही दिसतात. त्या तीन मुलींच्या कष्टाबद्दल काही म्हणायचे नाही. एका खोलीचे घर, रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला, आणि कोपऱ्यात बसून जिने भूमिती सोडवली तिचा फोटो चौकात लागलाच पाहिजे. प्रश्न फक्त एवढाच की हे शंभर टक्के कितींपैकी?

टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची निघते. जी बसलीच नाही ती हिशेबात येत नाही. पाचवीला साठ मुली असतील आणि दहावीला त्यातल्या पंचवीसच उरल्या, तरी पंचवीसच्या पंचवीस पास झाल्या की निकाल शंभर टक्के. (हे आकडे उदाहरणाचे आहेत. खरे आकडे प्रत्येक शाळेच्या कपाटात असतात.) उरलेल्या पस्तीस जणींचे काय झाले हे कळायला संशोधन लागत नाही. जनरल रजिस्टर उघडायचे आणि 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना वाचायचा. 'पालकांच्या विनंतीवरून', 'परगावी गेल्याने'. 'निकाह ठरला' असे त्यात कुणी लिहीत नाही. 'धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवली' असेही नाही. आणि 'गणितात कच्ची होती, निकाल बिघडवला असता, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला' हे तर कोणीच लिहिणार नाही. नववीची गाळणी कशासाठी लावली जाते हे शिक्षकांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे, आणि ज्या मुलीला बाहेरून परीक्षा द्यायला सांगितले जाते तिला तर सगळ्यांत आधी कळते. अशी गळती करून मिळवलेल्या निकालाला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. सातपूर हे कामगारांचे उपनगर. एमआयडीसी आली, कारखाने आले, त्यांच्यामागोमाग खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसे आली. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेले. आलेल्यांत मुसलमान होते आणि आहेत: वेल्डर, फिटर, भंगारवाले, टेम्पोवाले. त्यांच्या मुलींपुढचा प्रश्न पहिलीत येत नाही, तो सातवी-आठवीच्या उंबऱ्यावर येतो. उर्दूत सुरुवात केली असेल, तर पुढचे उर्दू हायस्कूल जुन्या नाशकात, सारडा सर्कलच्या बाजूला. म्हणजे त्र्यंबक रस्त्याने सीबीएस आणि तिथून पुढे. तेरा वर्षांच्या मुलीने रोज एवढे जाऊन यायचे, आणि घरच्यांनी ती परत येईपर्यंत दाराकडे बघत बसायचे. दुसरा मार्ग म्हणजे जवळच्या मराठी शाळेत आठवीला दाखला न्यायचा. तिथे सगळे विषय एकदम दुसऱ्या लिपीत, आणि वर्गात ती एकटी. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त. तो म्हणजे घर.

हा तिसरा मार्ग निवडला गेला की दोन प्रकारची माणसे बोलायला लागतात. एक म्हणतात, 'तुमच्यात मुलींना शिकवतच नाहीत.' त्यांनी थोडा इतिहास वाचावा. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर एका बाजूला होते, आणि मुलींना इंग्रजी वळणाचे उच्च शिक्षण नको म्हणून टीकेचा भडिमार करणारे टिळक दुसऱ्या बाजूला. तो काही मुसलमानांचा मोहल्ला नव्हता. आणि मुसलमान मुले मदरशातच जातात म्हणणाऱ्यांनी २००६ चा सच्चर समितीचा अहवाल उघडावा. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी जेमतेम तीन टक्के आहेत. बाकीच्यांना शाळाच हवी आहे. ती कुठे आहे, हा प्रश्न आहे.

दुसरे आपले. जलशाच्या मंचावरून इल्म मर्द-औरत दोघांवर फर्ज असल्याचे ऐकवणारे. ऐकून आपण 'बेशक' म्हणतो आणि घरी जातो. त्याच जमातीच्या हिशेबाची वही बघा. मंडप, साउंड, बाहेरगावचे वक्ते, मिनाराचे रंगकाम. यांतले एकही नको असे मी म्हणत नाही. पण सातपूरहून जुन्या नाशकात जाणाऱ्या वीस मुलींसाठी एक व्हॅन लावायची म्हटले की 'फंड नाही' हे उत्तर मात्र तयार असते. मुलींची स्वतंत्र शाळा हवी असे आग्रहाने सांगणारेच ती शाळा काढायला, चालवायला आणि तिथवर मुली पोचवायला सर्वांत मागे असतात. स्वतंत्र शाळेची अट शाळा उभारण्यासाठी घातली तर मी तुमच्याबरोबर आहे. ती मुलीला घरी ठेवण्याचे कारण म्हणून वापरत असाल, तर निदान दीनचे नाव मध्ये आणू नका.

बेगम रुकैय्या सखावत हुसैन यांनी हे सगळे शंभर वर्षांपूर्वी भोगले. नवऱ्याच्या पश्चात १९०९ मध्ये भागलपूरला शाळा काढली, ती टिकू दिली गेली नाही. १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा सुरू केली. मुली घरातून निघाव्यात म्हणून बंद गाडीची सोय केली. गाडीचे पडदे इतके घट्ट की आत मुलींना घेरी येऊ लागली, आणि पडदे सैल केले तर बेपर्दगीच्या तक्रारींची पत्रे. बाईंनी शाळा बंद केली नाही आणि गाडीही बंद केली नाही. सखावत मेमोरियल आजही चालू आहे. मुलींच्या शाळेची वाढ वर्गखोल्यांच्या आधी गाडीपासून सुरू होते, हे त्यांना कळले होते. आपल्या संस्था मात्र प्रगतीच्या अहवालात संगणक कक्ष, रंगवलेली भिंत आणि पाहुण्यांच्या हस्ते झालेले उद्घाटन लिहितात. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि कडी आहे का, हे अहवालात कधी वाचलेत?

सरकारची गोष्ट वेगळी काढावी लागेल, कारण तिथे दुर्लक्षाच्याही पुढे मजल गेली आहे. अल्पसंख्याक मुलांना वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळणारी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीसाठी बंद केली. कारण दिले की आठवीपर्यंत शिक्षण कायद्यानेच मोफत आहे. वही, बूट आणि रिक्षा कुठल्या कायद्याने मोफत झाली? नववी ते बारावीच्या मुलींना बेगम हजरत महल शिष्यवृत्ती देणारे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण जी आठवीत गळली तिला इंजिनिअरिंगच्या फीमाफीचा काय उपयोग? शिडीच्या खालच्या पायऱ्या काढायच्या आणि वरच्या पायरीला गालिचा घालायचा.

मध्यंतरी फातिमा शेख होत्या की नव्हत्या यावर समाजमाध्यमांत मोठा वाद पेटला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात त्यांचे नाव आहे, एवढे मला पुरे आहे. पण त्या वादात हिरिरीने उतरलेल्या आपल्या लोकांना एक विचारतो. फातिमा होती हे सिद्ध करायला आपण रात्री जागवल्या. तुमच्या गल्लीतली जी फातिमा गेल्या जूनपासून शाळेत दिसत नाही, ती आहे हे कोण सिद्ध करणार?

सातपूरच्या, नाशिकच्या, आणि जिथे कुठे मुलींची शाळा आहे तिथल्या संस्थाचालकांकडे माझी एकच मागणी आहे आणि तिला पैसा लागत नाही. यंदाच्या फ्लेक्सवर निकालाच्या आकड्याखाली अजून एक ओळ छापा: याच तुकडीच्या किती मुली पाचवीला होत्या आणि किती दहावीला बसल्या. मशिदीच्या ट्रस्टींनी तीच ओळ जुम्याला वाचून दाखवावी. आणि आपण पालकांनी शाळेत दाखला काढायला जाण्याआधी 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात खरे काय लिहायचे, ते घरी मुलीसमोर मोठ्याने बोलून बघावे.