श्रीमंतांवर कर लावला की शहर ओस पडते का?

न्यूयॉर्कचे महापौर जोहरान ममदानी यांचे नाव आता आपल्या घराघरांत पोहोचले आहे. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी ते निवडून आले, १ जानेवारी २०२६ रोजी कुरआनवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली आणि त्या शहराचे पहिले मुस्लिम महापौर झाले. आपल्याकडे मोबाईलवर अभिनंदनाचे संदेश फिरले. आनंद होणे साहजिकच होते. प्रचारात त्यांच्या धर्मावरून गरळही ओकली गेली. पण धनिकांच्या गोटात खरी खळबळ उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने, त्यांच्या कराच्या प्रस्तावाने.

प्रस्ताव साधा आहे. वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांनी त्यावरच्या उत्पन्नावर शहराला आणखी २ टक्के आयकर द्यावा. म्हणजे २० लाख डॉलर कमावणाऱ्याला २० हजार डॉलर जादा भरावे लागतील. यातून वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर मिळतील, असा ममदानींचा अंदाज आहे. हा पैसा लहान मुलांच्या मोफत पाळणाघरांसाठी आणि मोफत बससेवेसारख्या कामांसाठी लागणार आहे.

यावर उत्तरही ठरलेले आले: "कर वाढवाल तर श्रीमंत लोक फ्लोरिडाला निघून जातील, मग गोरगरिबांना द्यायला पैसा आणणार कुठून?" फ्लोरिडात राज्याचा वैयक्तिक आयकर नाही, हे खरे. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. न्यूयॉर्क शहराला मिळणाऱ्या आयकरातला सुमारे ४० टक्के वाटा सर्वात वरचे १ टक्का लोक भरतात. त्यातले मूठभर लोक गेले तरी तिजोरीला झळ बसते. शिवाय देश सोडण्यापेक्षा शहर सोडणे सोपे. हा आयकर फक्त शहरात राहणाऱ्यांना लागू आहे. पूल ओलांडून न्यू जर्सीत घर घेतले आणि रोज कामाला मॅनहॅटनमध्ये आले, की शहराचा आयकर लागत नाही. बाहेरून कामाला येणाऱ्यांवर पूर्वी छोटा कर होता, तोही १९९९ मध्ये रद्द झाला.

मग लोक खरोखर जातात का? आम्हाला वाटते, इथे तर्कापेक्षा अनुभव बघावा.

समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोबल यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १० लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांची १९९९ ते २०११ पर्यंतची करविवरणपत्रे तपासली. वर्षभरात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे असे धनिक निघाले हजारात २४. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण हजारात २९ होते, आणि सर्वात गरीब थरात तर ४५ च्या आसपास. म्हणजे श्रीमंत माणूस उलट कमीच हलतो. कारण उघड आहे. त्याचा धंदा, ओळखीपाळखी, गिऱ्हाईक, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी सगळे तिथेच असते. ज्या शहराने त्याला श्रीमंत केले, त्या शहरातच त्याची कमाई अडकलेली असते.

मॅसॅच्युसेट्स राज्याचे उदाहरण तर ताजे आहे. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये १० लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर मंजूर केला, म्हणजे ममदानींच्या मागणीच्या दुप्पट. तेव्हाही हीच ओरड झाली होती. प्रत्यक्षात २०२४ च्या आर्थिक वर्षात या करातून २ अब्ज डॉलरपेक्षा जास्त जमा झाले, अंदाजापेक्षा कितीतरी अधिक. तो पैसा शाळेतले मोफत जेवण, कॉलेजची फी आणि सार्वजनिक वाहतूक यांवर खर्च होतो आहे.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे इन्साफाचे होणार नाही. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये वरच्या उत्पन्नावरचा कर वाढवून १३.३ टक्क्यांपर्यंत नेला. जोशुआ राऊ आणि रायन श्यू या अभ्यासकांच्या हिशेबाने, त्यानंतर सर्वात वरच्या गटातले जादा ०.८ टक्के करदाते राज्य सोडून गेले. संख्या लहानच. पण जे राहिले त्यांनी उत्पन्नच कमी दाखवले. दोन्ही मिळून अपेक्षित जादा वसुलीपैकी जवळपास ४५ टक्के पहिल्याच वर्षी हातची गेली. म्हणजे असा कर लावताना त्यातून मिळणारा आकडा फुगवून धरू नये. न्यूयॉर्कमध्ये तर शहर आणि राज्य मिळून सर्वोच्च दर आधीच १४.७ टक्क्यांच्या वर आहे. ४ अब्जांचा अंदाज म्हणूनच सावधपणे घ्यायला हवा.

आता खरा प्रश्न विचारू या. न्यूयॉर्क सोडून जातंय कोण?

२०१० ते २०२० या दोन जनगणनांच्या दरम्यान शहराची एकूण लोकसंख्या ६ लाखांहून अधिक वाढली. त्याच काळात तिथले कृष्णवर्णीय रहिवासी सुमारे ८४ हजारांनी घटले. फिस्कल पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था डाव्या विचारांकडे झुकणारी आहे, हे ध्यानात ठेवूनच तिचा २०२३ चा अहवाल वाचावा. त्यात म्हटले आहे की कोविडचा काळ वगळला, तर वरचे १ टक्का लोक इतरांच्या तुलनेत एक चतुर्थांश प्रमाणातच राज्य सोडतात. जास्त जातात ती लहान मुले असलेली कुटुंबे. घरभाडे आणि पाळणाघराचा खर्च झेपत नाही, म्हणून ड्रायव्हर, नर्स, दुकानातले कामगार बिऱ्हाड उचलतात. अब्जाधीश "जाईन" म्हणाला की पहिल्या पानावर बातमी होते. ही माणसे मात्र गुपचूप निघून जातात, त्यांची ना बातमी होते ना चर्चा.

आणखी एक अडचण समजून घ्यायला हवी. हा कर लावणे एकट्या महापौरांच्या हातात नाही. न्यूयॉर्क शहराला आयकर वाढवायचा तर ऑल्बनीतल्या राज्य विधिमंडळाची आणि गव्हर्नरची मंजुरी लागते. गव्हर्नर कॅथी होकल ममदानींच्याच पक्षाच्या. त्यांनी निवडणुकीत ममदानींना पाठिंबा दिला, पण आयकरवाढीला विरोध केला. २०२६ हे त्यांच्या स्वतःच्या निवडणुकीचे वर्ष आहे, हेही विसरून चालणार नाही.

जकात आणि सरकारी कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ आम्ही करणार नाही. पण श्रीमंताच्या मालात गरिबाचा हक्क असतो, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. म्हणून या वादाकडे आपण त्रयस्थासारखे बघू शकत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. महापौर मुस्लिम आहे म्हणून त्याचा कर योग्य ठरत नाही, आणि अयोग्यही ठरत नाही. पाळणाघरे उघडली का, बस फुकट आणि वेळेवर धावली का, कष्टकरी कुटुंब शहरात टिकले का, यावर हिशेब व्हायला हवा.

श्रीमंत निघून जातील या भीतीपोटी शहराने गप्प बसावे, असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे: जे आधीच निघून गेले, त्यांची भीती तुम्हाला कधी वाटली होती का?