विश्लेषण : मोठी बॅटरी भरलेली, तरी ई-कार बंद का पडते? छोट्या बॅटरीत शिशाऐवजी लिथियम बसवावे का?

बाभुळगावहून यवतमाळ वीस-पंचवीस किलोमीटर. तेवढ्या अंतरासाठी ई-कारच्या मोठ्या बॅटरीतला जेमतेम दहावा हिस्सा खर्च होतो. पण समजा, रात्री घरात कुणाची तब्येत बिघडली, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचे आहे आणि गाडीचे दारच उघडत नाही. चावीचे बटण दाबले तरी दिवा लागत नाही. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायची वाट बंद झाली आहे. दोष असतो तो बॉनेटखालच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा. अशा प्रसंगानंतर अनेकांना एकच सल्ला मिळतो, ‘शिशाची काढा, लिथियम टाका.’ हा सल्ला कितपत बरोबर आहे?

ई-कारला छोटी बॅटरी लागतेच कशाला?

चाके फिरवणारी मोठी बॅटरी साधारण ३०० ते ४०० व्होल्टची असते, काही गाड्यांत त्याहूनही जास्त. गाडी बंद असताना हा दाब उघडा ठेवणे धोक्याचे. म्हणून मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी ‘कॉन्टॅक्टर’ नावाचे जाड विद्युत-खटके बसवलेले असतात. गाडी बंद केली की ते उघडतात आणि मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तुटते. ते पुन्हा जोडायला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो छोटी बॅटरी देते. दाराचे लॉक, दिवे, वायपर, स्क्रीन, गाडीचे सर्व संगणक हेही तिच्यावरच चालतात.

डिझेल गाडीत बॅटरी स्टार्टर फिरवते, म्हणून ती कमजोर झाली की सेल्फ मारताना आवाजावरून कळते. ई-कारला स्टार्टर नाही, म्हणून हा इशाराही नाही. शिवाय डिझेल गाडी चौघांनी धक्का मारून सुरू होते, ई-कार होत नाही.

मग ती चार्ज कशी होते?

पेट्रोल-डिझेल गाडीत हे काम आल्टरनेटर करतो. ई-कारमध्ये ‘डीसी-डीसी कन्व्हर्टर’ हा भाग मोठ्या बॅटरीतला दाब उतरवून साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टने छोटी बॅटरी भरतो. गाडी चालू असताना हे होतेच. उभ्या गाडीत छोटी बॅटरी उतरली की आपोआप भरून घेण्याची सोय काही मॉडेलमध्ये असते, काहींत नसते. आपल्या गाडीत ती आहे का, हे मालकाने पुस्तिकेत पाहून ठेवलेले बरे.

बॅटरी उतरते का?

हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीचे संगणक, अलार्म वगैरे मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. ४५ अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी त्यात महिनाभर तग धरते. त्यावर बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा जीपीएस २५० मिलिअँपिअर घेत असेल, तर रोज आणखी ६ अँपिअर-तास जातात. मग आठवडाभरात बॅटरी संपते. लग्नसराईत गाडी उभी ठेवून मालक रेल्वेने पुण्या-मुंबईला गेला, तर परत आल्यावर काय होईल, ते यावरून कळते.

दुसरे कारण ऊन. शिशाच्या बॅटरीबाबत ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून जास्त तापते. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. मग ती कितीही भरली तरी ‘धरत’ नाही.

लिथियमकडे ओढा कशामुळे?

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. १२ व्होल्टच्या पर्यायात वापरली जाणारी लिथियम बॅटरी बहुतेक ‘लिथियम आयर्न फॉस्फेट’, म्हणजे एलएफपी प्रकारची असते. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने हे रसायन १९९७ मध्ये जगापुढे मांडले. लिथियम बॅटऱ्यांवरील कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल विभागून मिळाले.

एलएफपी बॅटरीचे वजन शिशाच्या मानाने निम्म्याहून कमी. शिशाची बॅटरी काही शे वेळा पूर्ण उतरून-भरून थकते, एलएफपी दोन हजारांच्या आसपास फेऱ्या सहज देते. अर्धवट भरलेली राहिली तरी बिघडत नाही. कोबाल्ट असलेल्या लिथियम बॅटऱ्यांच्या तुलनेत ती पेट घेण्याची शक्यताही कमी. किंमत मात्र शिशाच्या दुपटीहून जास्त पडते.

मोठ्या कंपन्यांनीही हा बदल केला आहे. पोर्शेने २०१० पासून काही स्पोर्ट्स गाड्यांत लिथियम स्टार्टर बॅटरीचा पर्याय दिला. तिचे वजन सहा किलोहून कमी होते. पण थंडीत ती कमी पडू शकते, म्हणून कंपनी सोबत साधी बॅटरीही देत असे. टेस्लाने २०२१ पासून मॉडेल एस आणि मॉडेल एक्समध्ये शिशाची छोटी बॅटरी काढून लिथियम बसवली.

मग आपणही बदलायला काय हरकत?

टेस्लाने नुसती बॅटरी बदलली नाही. तिचा दाब १२ ऐवजी साधारण साडेपंधरा व्होल्ट ठेवला आणि चार्जिंगची यंत्रणा व सॉफ्टवेअर त्याबरहुकूम बनवले. आपल्याकडे सल्ला दिला जातो तो जुन्या जागेवर नवी बसवून तार जोडण्याचा. अडचण तिथेच आहे.

गाडीचा संगणक शिशाची भाषा बोलतो. विश्रांतीत असलेली शिशाची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उरली की १२.२ च्या आसपास आणि ११.८ ला जवळपास रिकामी. दाब हळूहळू उतरतो, म्हणून संगणकाला अंदाज येतो. एलएफपीचा दाब १३.२-१३.३ च्या आसपास बराच वेळ स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. ती १२.८ वर आली, तेव्हा बरीचशी संपलेली असते. शिशासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला मात्र ती काठोकाठ भरलेली वाटते. म्हणजे ‘बॅटरी कमी आहे’ हा इशारा फार उशिरा येणार किंवा येणारच नाही.

दुसरी गोष्ट, लिथियम बॅटरीच्या आत ‘बीएमएस’ हे रखवालदार सर्किट असते. दाब फार कमी, फार जास्त किंवा तापमान हद्दीबाहेर गेले, की ते बॅटरी तोडून टाकते. बॅटरीच्या जिवासाठी हे योग्यच. पण चालत्या गाडीत असे झाले, तर १२ व्होल्टचा सगळा भार एकट्या कन्व्हर्टरवर येतो. स्टिअरिंगची मदत करणारी मोटर क्षणभर मोठा प्रवाह मागते, तेव्हा धक्का सोसायला बॅटरी जागेवर नसते. विदर्भातल्या मे महिन्यात तापमानाची ही हद्द कागदावरची राहत नाही. हलक्या बीएमएसची स्वस्त बॅटरी इथेच दगा देऊ शकते.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्राची. ई-दुचाकींना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ या मानकांच्या चाचण्या डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाल्या. पण त्या गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीसाठी आहेत, दिवे-लॉक चालवणाऱ्या छोट्या बॅटरीला लागू नाहीत. त्यामुळे ‘एआयएस प्रमाणित’ म्हणून कुणी १२ व्होल्टची बॅटरी विकत असेल, तर प्रमाणपत्र कशाचे, हे विचारायला हवे.

बॅटरी बदलूनही प्रश्न सुटला नाही तर?

दोष दर वेळी बॅटरीचाच असतो असे नाही. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या परत बोलावल्या. चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या भागात बिघाड होऊन १२ व्होल्टची बॅटरी उतरू शकते, असे कारण होते. अशा गाडीत लिथियम टाकणे म्हणजे गळक्या टाकीला मोठा नळ बसवणे.

म्हणून आधी साध्या मल्टिमीटरने तपासावे. गाडी तीन-चार तास बंद ठेवून दाब मोजा. १२.४ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. मग गाडी ‘रेडी’ करून मोजा. साडेतेराच्या वर गेला तर कन्व्हर्टर काम करतो आहे, १२ वरच अडला तर दोष तिथे आहे. रात्री चांगला दाब आणि सकाळी घसरलेला असेल, तर काहीतरी वीज पीत आहे किंवा बॅटरीच थकली आहे. बाहेरून बसवलेली उपकरणे काढून पुन्हा बघा.

बाभुळगावच्या मालकाने काय करावे?

तालुक्याच्या बाजारातला बॅटरीवाला इन्व्हर्टर, ट्रॅक्टर आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षे बदलतो आहे. त्याच्या हाताला सवय आहे, पण कारचे सॉफ्टवेअर त्याच्या हातात नाही. म्हणून आजच्या घडीला बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग साधा आहे. गाडीला सांगितलेल्याच मापाची, शक्यतो पाणी न लागणारी ‘एजीएम’ प्रकारची शिशाची बॅटरी घ्या. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तपासून घ्या. तीन-चार वर्षे झाली, की ती बंद पडण्याची वाट न बघता बदला. दाराची लोखंडी चावी कुठे आहे, बॉनेट कसे उघडते, जंप देण्याचे टोक कोणते, हे दिवसाउजेडी एकदा करून पाहा. गाडीत छोटा जंप स्टार्टर ठेवा. मात्र आपल्या ई-कारवरून दुसऱ्याच्या डिझेल गाडीला जंप देऊ नका. बहुतेक कंपन्या त्याला मनाई करतात.

लिथियमच हवी असेल, तर कंपनीकडून लेखी विचारा : हे मॉडेल चालते का, वॉरंटी राहते का? विमा कंपनीलाही कळवा. तोंडी ‘काही होत नाही’वर गाडी सोडू नका.

जुन्या बॅटरीचे काय?

तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. उघड्यावर फोडून वितळवले, तर ते माती, विहीर आणि लेकरांच्या रक्तात जाते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी वेगळी ठेवून संकलन वा पुनर्वापर करणाऱ्यांकडेच देणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानात जमा करा आणि पावती घ्या. भंगारवाल्याचे चार पैसे जास्त असले, तरी ते महाग पडतात.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची का?

खरा प्रश्न इथे आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने समृद्धी महामार्गावर ई-कारला टोलमाफी देऊ केली, महामार्गांवर चार्जिंग केंद्रांचे जाळे विणायचे ठरवले. हे स्वागतार्हच. पण चार्जिंग केंद्र जवळ असूनही काही हजारांच्या छोट्या बॅटरीपायी लाखोंची गाडी अडत असेल, तर धोरणात एक कोपरा राहून गेला आहे. कंपन्यांनी छोट्या बॅटरीची तब्येत स्क्रीनवर दाखवावी, तिच्या चार्जिंगचा दाब किती ते पुस्तिकेत छापावे, लिथियमचा पर्याय द्यायचा तर स्वतः तपासून, वॉरंटीसह द्यावा. आणि ती बॅटरी बदलणारा प्रशिक्षित माणूस जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे, तालुक्यातही असावा. शहरात गाडी अडली तर दहा मिनिटांत दुसरी मिळते. बाभुळगावात रात्री दोन वाजता मिळत नाही. शिसे की लिथियम, यापेक्षा त्या वेळी गाडी उघडेल की नाही, हे महत्त्वाचे. त्याचे उत्तर देण्याचे काम गाडी विकणाऱ्याचे आहे.