कलावंताला बोलू द्या

साहित्य संमेलन असो, नाट्यमहोत्सव असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपल्याकडे कलावंताला ऐकण्यापेक्षा त्याचा सत्कार करण्याचीच हौस मोठी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, उशिरा आलेल्या पाहुण्यांचे ‘दोन शब्द’. आणि ज्याच्यासाठी माणसे लांबून आलेली असतात त्याच्या हाती माईक येतो तेव्हा सूत्रसंचालक घड्याळ दाखवतो. मग तोही बिचारा कलेचे समाजातील स्थान वगैरे सांगून मोकळा होतो. खरे विचारायचे ते राहूनच जाते. बाबा रे, तू हे करतोस कसे?

१९८३ साली अंबाजोगाईला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. माणदेशातल्या माडगुळ्याचा हा माणूस; दुष्काळी मुलखाची माणसे लिहिणारा आणि चित्रेही काढणारा. मी तेव्हा बँकेत नुकताच चिकटलो होतो. पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या आमच्या बीड जिल्ह्यात असा लेखक समोर दिसला आणि लेखक होण्यासाठी पुण्या-मुंबईत जन्मावे लागत नाही, एवढे तरी आमच्यासारख्यांना कळले.

पुढे अंबाजोगाईच्या मनोऱ्यामुळे दूरदर्शन आमच्याकडे नीट दिसू लागले. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांत लेखक, गायक, चित्रकार आपल्या कामाविषयी बोलत. त्यांचे मोठे विचार मी केव्हाच विसरलो. लक्षात राहिले ते किरकोळच. कोण पहाटे लिहितो, कोणाला पहिले वाक्य छळते, कोण लिहिलेले फाडून टाकतो. चाळिशीत मी पहिली कादंबरी पहाटे पाच ते सात या वेळात लिहिली, ती या किरकोळ गोष्टींच्या बळावर. प्रतिभा उसनी मिळत नाही, पण धीर मिळतो. (बँकेच्या भाषेत म्हणायचे तर, बिनतारणाचे कर्ज.)

कलावंताने बोलू नये, त्याची कलाकृतीच बोलते, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. रसिकाला ते पुरते. पण ज्याला स्वतः काही करायचे आहे, त्याला पुरे झालेले काम उलट घाबरवते. १९५६ साली क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने पिकासोवर चित्रपट काढला. त्यात पिकासो एक मोठे चित्र पुन्हा पुन्हा बदलतो, बिघडवतो आणि शेवटी नव्या कॅनव्हासवर आरंभापासून सुरू करतो. पिकासोचेही बिघडते, हे पाहिलेला मुलगा आपला कागद चुरगळून टाकणार नाही. आपल्याकडे प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’मध्ये चित्रकाराच्या मनात काय चालते ते मराठीत लिहून ठेवले. अशी पुस्तके तालुक्याच्या वाचनालयांत मात्र शोधावी लागतात.

आणि आमच्याकडे तर दासोपंत होऊन गेले. पंचीकरणासारखा अवघड विषय त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर ओव्या लिहून, आकृत्या काढून मांडला. ती पासोडी अंबाजोगाईत आहे. मला तिच्यात विद्वत्तेपेक्षा समजावून सांगण्याची तळमळ अधिक दिसते.

ही तळमळ अजून आटलेली नाही. गावोगावच्या सप्ताहांत पाहा. कीर्तनाआधी पखवाजवादक डाव्या तोंडाला ओली कणीक लावत असतो, थाप मारून पाहतो, पुन्हा थोडी काढतो. भोवती चार पोरे टक लावून बसलेली असतात. एखाद्याने ‘कणीक कशाला, बुवा?’ असे विचारले की बुवा हातातले काम थांबवून सांगतात, आणि पोराला थाप मारून बघायलाही देतात. ही पाच मिनिटे पत्रिकेत छापलेली नसतात.

दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ गावातच राहतात. त्यांच्यातला एखादा कोळशाने भिंत रंगवत असतो आणि शिव्या खातो. हे काम आहे, ते शिकता येते, ते करणारी माणसे असतात, हे त्याला कोण सांगणार? मोबाईलवर आता मुलाखतींचा पूर आहे, मान्य. पण ‘कणीक कशाला?’ असे मोबाईलमधल्या बुवांना विचारता येत नाही.

हिशेब मी आयुष्यभर केला, म्हणून सांगतो. एका समारंभाच्या शाली, फेटे आणि फ्लेक्स यांच्या पैशांत एका चित्रकाराचा प्रवास, दोन दिवसांचा मुक्काम आणि शंभर मुलांचे कागद-रंग सहज बसतात. पाहुण्याला खुर्ची नको, खाली सतरंजीवर बसवावे. भाषण ठेवू नये. त्याने चित्र काढावे आणि मुलांनी मध्येच बोलावे. यंदाच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका अजून छापायला गेली नसेल, तर मुख्याध्यापकांना एवढे जरूर विचारा.