प्रतिभेचे मूळ

प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे, असे सहज बोलले जाते. आम्हाला ते मान्य नाही. कारणावाचून काही उद्भवत नाही, ही तथागतांची शिकवण प्रतिभेलाही लागू पडते. (जन्मावरून योग्यता ठरविण्याची फळे आपल्या समाजाने पुरेशी भोगली आहेत.)

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. वय अवघे १४. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. तेच दुःख तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी सोसले होते. त्यांच्यापाशी बुद्धी नव्हती काय? होती. अक्षर नव्हते, आणि ऐकणारे कोणी नव्हते. मुक्ताला दोन्ही लाभले, आणि तिने थेट धर्मालाच जाब विचारला.

आमच्या वसतिगृहातील मुले निबंधाच्या तासाला गाईडमधला ‘माझा आवडता ऋतू’ उतरवून काढतात. तीच मुले रात्री अंथरुणावर उसाच्या फडातल्या गोष्टी रंगवून सांगतात. त्या वहीत येत नाहीत, कारण आम्ही त्या कधी मागितल्याच नाहीत.

यंदा निबंधाचा विषय मुलांनीच निवडावा, असे आम्ही शिक्षकांना सुचविले. गुण कसे द्यायचे, एवढेच त्यांनी विचारले.